डावाचे नाव आणि वस्तादाचे गोत्र

कुस्तीच्या डावांची नावे आम्ही गोळा करू लागलो, ती मुळात बोलीच्या अभ्यासासाठी. पदवीच्या वर्गाला दरवर्षी एक प्रकल्प द्यावा लागतो. कुणी जात्यावरच्या ओव्या घेते, कुणी शेतीची अवजारे, कुणी म्हणी. एका वर्षी आम्ही आखाडा घेतला. आमचे गाव डिंगोरे. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, जुन्नर तालुक्यातले. या पट्ट्यात गावची यात्रा म्हटली की तमाशा, बैलगाड्यांच्या शर्यती आणि कुस्त्यांचा आखाडा या तीन गोष्टी गृहीतच असतात. पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी आरंभ होतो आणि दिवस कलताना मोठ्या इनामाच्या जोडी लागतात. हलगी, शड्डू, तांबडी माती आणि पंचांचे फेटे हे सारे लहानपणापासून पाहिलेले. त्यामुळे शब्द हाताशी असतील आणि काम महिन्याभरात उरकेल, असा अंदाज होता. त्याला आता सहा वर्षे झाली आहेत आणि वही अजून बंद झालेली नाही.

वहीतली काही नावे येथे देतो: पट, एकेरी आणि दुहेरी. आतली टांग, बाहेरची टांग, छडीटांग. ढाक. कलाजंग. घिस्सा आणि त्याचा भाऊ पोकळ घिस्सा. घुटना. सवारी. मोळी. झोळी. बांगडी. एकचाक. गदालोट. भारंदाज. हप्ता. निकाल. धोबीपछाड. मच्छीगोता. मुलतानी. वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या वाचणाऱ्यांना यांतली बरीच ओळखीची असतील, कारण अमुक मल्लाने तमुक मल्लास अमुक डावावर आस्मान दाखवले, हे वाक्य यात्रांच्या दिवसांत रोज छापून येते. तथापि हे शब्द कुठून आले आणि एका डावाला हेच नाव का पडले, हे विचारू लागलो की बातमी संपते आणि दुसरेच काही सुरू होते.

प्रथम घरगुती नावे पाहू. मोळी हा डाव ज्याने एकदा पाहिला त्याला नाव समजावून सांगावे लागत नाही. प्रतिस्पर्ध्याची मान आणि पाय एकत्र आवळून जळणाच्या फाट्यांसारखी त्याची गाठोडी करायची. झोळीही तशीच. धोबीपछाडीत खांद्यावरून माणूस येतो तो दगडावर आपटलेल्या धुण्यासारखा. ही नावे म्हणजे अलंकार नव्हेत, साहित्याच्या अर्थाने तर नव्हेतच. ती सूचना आहेत. हौदाच्या कडेला बसलेला वस्ताद झोंबीच्या ऐन भरात पट्ठ्याला चार वाक्यांत समजावू शकत नाही. तो एकच शब्द ओरडतो आणि त्या शब्दात हात कुठे, पाय कुठे, जोर कुठल्या दिशेला, हे सारे भरलेले असते. उपमेय आणि उपमान यांच्यातले साधर्म्य आम्ही वर्गात अर्धा तास शिकवतो. आखाड्यात ते अर्ध्या श्वासात शिकवावे लागते.

येथेच पहिली अडचण उभी राहिली. आमच्या एका विद्यार्थ्याने, जो स्वतः तालमीत जातो, मोळी हा शब्द केवळ डावाचे नाव म्हणून नोंदवून आणला होता. जळणाची मोळी त्याने बांधली नव्हती, बांधताना पाहिलीही नव्हती. त्याच्या घरी त्याच्या जन्माआधीपासून गॅस आहे, आणि ते चांगलेच आहे. डोंगरातून डोक्यावर मोळी आणणाऱ्या बायांच्या मानेला विचारले तर ती मोळीबद्दल हळहळणार नाही. परंतु त्या मुलाच्या दृष्टीने मोळी हे नाव आता निव्वळ नाव उरले आहे. ते काही दाखवीत नाही, फक्त ओळख पटवते. डाव त्याला येतो, पण नावातून आलेला नाही, दुसऱ्याच्या अंगावरून पाहून आलेला आहे.

याहून गंमतीचे उदाहरण 'निकाल' या डावाचे. हिंदीभाषक पैलवानाला हा शब्द ऐकताच निघणे आठवते: प्रतिस्पर्ध्याच्या पकडीखालून निसटून त्याच्या पाठीमागे निघायचे, म्हणून निकाल. मराठी कानाला मात्र निकाल म्हणजे परीक्षेचा किंवा कोर्टाचा लागतो तो. 'निकाल डावावर कुस्ती निकाली झाली' हे वाक्य आमच्याकडे कुणाला विचित्र वाटत नाही, आणि दोन्ही निकाल एकच आहेत असे समजणारे पुष्कळ भेटले. एका वयस्क पैलवानाने तर खुलासाच केला: हा डाव बसला की कुस्तीचा निकाल लागतो, म्हणून तो निकाल. व्युत्पत्ती म्हणून हे टिकणारे नाही. पण त्यांच्या हाती तो डाव नेमका तसाच चालत असे, हेही तितकेच खरे.

अशा घसरणीचे एक प्रसिद्ध उदाहरण चीनमध्ये आहे. सोळाव्या शतकात छी चीग्वांग नावाच्या सेनापतीने सैनिकी शिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यात निःशस्त्र झुंजीची बत्तीस आसने चित्रांसह दिली आहेत. 'एका पायावर उभा सोनेरी कोंबडा' हे नाव त्यात आहे, 'एकेरी चाबूक' आहे, आणि 'लान चा ई' हेही आहे. शेवटच्याचा अर्थ, अंगरखा सैलपणे खोचणे. समोर शत्रू उभा असताना जणू काही घाई नाही अशा थाटात वस्त्राचा घोळ कमरेला खोचावा, तशी ही ठेवण. पुढे ताइचीच्या एका प्रमुख शाखेत त्याच जागी 'लान छ्वे वेइ' असे नाव येते. अर्थ, चिमणीचे शेपूट धरणे. चिमणी कुठून आली? अनेक अभ्यासकांचे मत असे की ती ध्वनीतून आली. शिकवणारा बोलत होता, शिकणारा ऐकत होता, कागद मध्ये नव्हता. अंगरखा गेला आणि चिमणी आली. पण पुढच्या पिढ्यांनी चिमणीलाही अर्थ दिला, शेपूट हलकेच धरायचे, चिरडायचे नाही, सोडायचेही नाही, आणि त्या अर्थाने हाताची ठेवण अधिक मृदू केली. पाठभेद झाला आणि पाठभेदाने संहिता बदलली. हस्तलिखितांवर काम करणाऱ्या आमच्या मित्रांना हे नवे नसावे.

पुराणातून आलेली नावे वेगळ्या जातीची आहेत. मल्लविद्येचे चार प्रकार म्हणून हनुमंती, जांबुवंती, जरासंधी आणि भीमसेनी ही चौकडी महाराष्ट्रात तशीच उत्तरेत सांगितली जाते. हनुमंती म्हणजे युक्तीची, डावपेचांची. जांबुवंती म्हणजे पकडीत अडकवून शरण आणणारी. जरासंधी म्हणजे अवयव मोडणारी. भीमसेनी म्हणजे केवळ बळाची. यांतले तिसरे नाव आम्हांला नेहमी खटकत आले. जरासंधाचे दोन तुकडे भीमाने केले. मग मोडणाऱ्या विद्येला मोडणाऱ्याचे नाव न देता मोडल्या गेलेल्याचे का दिले? भीमाचे नाव आधीच बळाकडे गेले होते, हे एक उत्तर. पण आणखीही एक संभवते. आखाड्यात डाव लक्षात राहतो तो ज्याच्यावर पडला त्याच्या अंगावर. पडलेल्याची आठवण पाडणाऱ्याच्या आठवणीपेक्षा पक्की असते.

हे आम्हांला सुचले ते ग्रंथातून नव्हे, घरातल्या एका शब्दावरून. आमचे एक चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, तरुणपणी पंचक्रोशीतले आखाडे गाजवून होते. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. एकेरी पट काढताना घोट्याऐवजी गुडघ्याच्या वर हात घालून, खांदा मांडीला लावून वळण्याची त्यांची एक तऱ्हा होती. तिला ते 'मढकरी पट' म्हणत. मढ हे आमच्या पश्चिमेला, घाटाच्या तोंडावरचे गाव. तरुणपणी तिथल्या एका पैलवानाने तात्यांना दोनदा याच तऱ्हेने पाडले. तिसऱ्या वर्षी तात्यांनी ती उचलली. पुढे शेजारच्या एका गावी एका म्हाताऱ्याला विचारताना तीच तऱ्हा आमच्यापुढे 'डिंगोरकरांचा पट' या नावाने आली. मढला त्याला काय म्हणतात, असे विचारले, तेव्हा तिथल्या माणसाने आमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहून सांगितले, "पटच म्हनत्यात. दुसरं काय म्हननार?"

स्वतःच्या गावात कुठल्याच डावाला गावाचे नाव नसते. मुलतानी हे नाव मुलतानात पडण्याचे कारण नाही. ते पडते ज्याने तो डाव मुलतानी माणसाकडून खाल्ला किंवा घेतला, त्याच्या तोंडी. चीनमधल्या चेन कुळाच्या गावात जे चालत आले त्याला 'चेन शैली' म्हणण्याची गरज तेव्हाच उत्पन्न झाली, जेव्हा बाहेर यांग आणि इतर शैली उभ्या राहिल्या. तेव्हा डावातले स्थलनाम हे मालकीची खूण नसून ऋणाची पावती आहे, असे आम्ही म्हणू. नाव देणारा सांगत असतो की हे माझे नव्हते, मी ते अमुक ठिकाणी पडून शिकलो. वाङ्मयाच्या इतिहासात आपण प्रभाव या शब्दाने जे शोधत असतो आणि लेखक जे सहसा कबूल करत नाहीत, ते पैलवानांनी डावाच्या नावातच लिहून ठेवले आहे.

आता वंशावळीकडे येऊ. तात्यांना त्यांच्या वस्तादांविषयी विचारले की ते खाट सोडून खाली बसतात आणि नावे घेतात. आपले वस्ताद, त्यांचे वस्ताद, त्यांचे वस्ताद, असे चार. चौथ्याचे फक्त पाळण्यातले नाव, आडनाव नाही, गाव नाही. त्याच्यापुढे एक क्षण थांबून ते म्हणतात, "आन मंग मारुतराय." चौथा वस्ताद आणि मारुतराय यांच्यामध्ये किती पिढ्या गेल्या, हा प्रश्न त्यांना पडत नाही. पहिल्यांदा आम्हांला तो पडला आणि आम्ही विचारलाही. त्यावर तात्यांनी विचारले, "मास्तर, तुमच्या वारकऱ्यांचं कसं हाये?"

प्रश्न नेमका होता. आमच्यापासून जवळच ओतूर आहे. तिथे कपर्दिकेश्वराचे मंदिर आहे, श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी पाहायला लोक लोटतात, आणि त्याच यात्रेत आखाडाही भरतो. तिथेच बाबाजी चैतन्यांची समाधी मानली जाते. तुकोबांनी आपल्या अभंगात गुरुपरंपरा सांगितली ती राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी अशी, आणि उपदेश झाला तो स्वप्नात. बहिणाबाईंनी हीच साखळी मागे नेऊन ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, गहिनीनाथ, गोरक्षनाथ, मत्स्येंद्रनाथ आणि शेवटी आदिनाथ शिवापर्यंत पोचवली. त्या मांडणीत ऐतिहासिक कालगणना शोधणाऱ्याला सांधे सैल सापडतील. परंतु ती साखळी जे सांगते ते कालगणनेतले नाही. ती सांगते की हा कवी एकटा उगवलेला नाही, आणि त्याचा अधिकार जन्माने आला नसून कुणाकडून तरी मिळालेला आहे. ज्याला समाज अधिकार नाकारतो, त्याच्या बाबतीत हे सांगणे किती निकडीचे होते, हे या वाचकांना सांगायला नको.

स्वप्नातला उपदेश मल्लविद्येतही आहे. मल्लखांबाची प्रचलित कथा अशी: दुसऱ्या बाजीरावाच्या काळात अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्याच्या दरबारात आव्हान घेऊन आले. कुणी पुढे होईना. बाळंभटदादा देवधर या तरुणाने ते स्वीकारले, मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन उपासना केली. देवीच्या दृष्टान्ताप्रमाणे मारुतीने वानररूपाने लाकडी खांबावर पकडी दाखवल्या. बाळंभट परतले आणि त्यांनी ती कुस्ती मारली. पुढे त्यांनी शिष्य तयार केले, कोंडभटनाना गोडबोले हे त्यांतले नामवंत, आणि ही विद्या महाराष्ट्राबाहेरही पसरली. इतकी, की २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले.

आता दुसरी बाजू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यातल्या मल्लविनोदात मल्लांच्या सरावासाठी स्तंभ येतो. गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्लांच्या 'मल्लपुराणा'तही व्यायामाच्या प्रकारांत स्तंभश्रम आहे. म्हणजे वानराने दाखवण्याच्या कित्येक शतके आधी मल्ल खांबाशी झोंबत होते. मग बाळंभटांची कथा खोटी म्हणायची काय? आम्हांला तसे वाटत नाही. बाळंभट हे ऐतिहासिक पुरुष आहेत, त्यांची शिष्यपरंपराही खरी आहे. खांब जुना असेल, पण त्यावरच्या पकडींची जी मांडणी पुढे शिकवली गेली, तिला आरंभ म्हणून एक माणूस मिळाला, आणि त्या माणसाने ती कुणाकडून घेतली हे सांगता येत नव्हते, किंवा सांगायचे नव्हते. तिथे स्वप्न येते. वंशावळीत स्वप्न येते ती जागा कोऱ्या रकान्याची असते. आपली परंपरा तो रकाना कोरा ठेवत नाही, तिथे देव लिहिते.

चीनमध्येही हेच झाले. शाओलिन मठातल्या मुष्टियुद्धाचा जनक म्हणून भारतातून गेलेल्या बोधिधर्माचे नाव घेतले जाते आणि आपल्याकडेही ते मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ज्या स्नायुपरिवर्तनाच्या पोथीच्या आधारे हे सांगतात, ती बोधिधर्मानंतर सुमारे हजार वर्षांनी, सतराव्या शतकात रचलेली आणि जुन्या प्रस्तावना चिकटवलेली आहे. ताइचीचा जनक म्हणून चांग सानफंग या ताओपंथी सिद्धाचे नाव येते. १९३०च्या सुमारास थांग हाव नावाच्या संशोधकाने या दोन्ही कथा कागदपत्रे लावून तपासल्या आणि मोडीत काढल्या. ताइचीचा शोध घेत तो चेन कुळाच्या गावी गेला आणि सतराव्या शतकातल्या चेन वांगथिंग या निवृत्त लढवय्याकडे बोट दाखवले. परंपरेची मंडळी त्याच्यावर खवळली. संशोधन आजही थांग हावच्या बाजूचे आहे, तरी चांग सानफंग काही गेला नाही. २०२० साली युनेस्कोने ताइचीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. वारसा जागतिक झाला, आणि कथेचा सिद्ध डोंगरावर होता तिथेच आहे.

तेव्हा वंशावळ शोधायची तर कथेत शोधू नये, शब्दांत शोधावी, अशा निष्कर्षाला आम्ही आलो. तालीम हा शब्द अरबी, अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे फारसी उस्ताद. पैलवान फारसी, कुस्ती फारसी, जोर-बैठकांतला जोर फारसी, डावपेचांतला पेच फारसी. हौद अरबी. पूर्वेला पारनेर-शिरूरकडे आखाड्याला हगामा म्हणतात, तोही फारसी हंगामाच. मल्ल संस्कृत. आखाडा अक्षवाटापासून आलेला. आणि या सगळ्यांच्या मध्यभागी, तालमीच्या कोनाड्यात, शेंदूर लावलेला मारुती. गावोगावचे हिंदू-मुसलमान वस्ताद एकमेकांचे पट्ठे घडवत आले, कोल्हापुरातल्या तालमींत मोहरमचे पंजे बसत आले, शाहू महाराजांच्या आश्रयाला उत्तरेतले मल्ल आले आणि इथलेच झाले. १९१२ साली पुऱ्या झालेल्या खासबाग मैदानाच्या मातीत हे सारे मिसळलेले आहे. तात्यांच्या चार वस्तादांपैकी दुसरे मुसलमान होते. मारुतरायापर्यंत जाणारी त्यांची वाट त्या नावावरून जाते आणि त्यांना त्यात अडखळण्यासारखे काही दिसलेले नाही.

आज मात्र नावे बदलण्याची हौस आहे. ज्याला लहानपणी आम्ही लाठीकाठी किंवा मर्दानी खेळ म्हणत होतो, त्याला आता सर्रास 'शिवकालीन युद्धकला' म्हणतात. आमच्या तालुक्यात शिवनेरी आहे. १६३० साली महाराजांचा जन्म जिथे झाला त्या किल्ल्याखाली राहणाऱ्यांना हा मोह व्हावा, हे स्वाभाविकच आहे, आणि पट्टा चालवणारे हात त्या काळात होते यात शंका नाही. प्रश्न त्या अभिमानाचा नाही. चीनमध्ये १९२८ साली नानकिंगला राष्ट्रीय संस्था निघाली, तेव्हा साऱ्या विद्यांना एकच 'राष्ट्रकला' असे नाव मिळाले. पुढच्या राजवटीत ते जाऊन 'वूशू' आले. प्रत्येक वेळी वरचे नाव मोठे झाले आणि खालची लहान नावे त्याच्या सावलीत गेली. फरीगदका, बोथाटी, बनेटी ही नावे ज्याला ठाऊक आहेत त्याला 'शिवकालीन' या शब्दाची अडचण नाही. पण ज्याला फक्त 'शिवकालीन' ठाऊक आहे, त्याच्यापर्यंत बोथाटी पोचेल काय, अशी भीती आम्हांला वाटते. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमातही आम्ही हेच करतो. प्रवाहाचे नाव विद्यार्थ्याला पाठ असते, त्या प्रवाहातले एखादे पुस्तक त्याने उघडलेले असतेच असे नाही.

लहान नावे टिकवण्याचे काम मराठीत एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड प्रसिद्ध केले. दुसरे महायुद्ध, कागदाची टंचाई आणि सत्तांतर यांच्यामधून हा माणूस डावांची नावे आणि छायाचित्रे छापत राहिला. आमच्या माहितीच्या मराठीच्या प्राध्यापकांत हे खंड चाळलेले फार थोडे आहेत. कोश म्हणून, परिभाषेचा संग्रह म्हणून तरी ते चाळावेत. मल्लपुराणाच्या श्रमांच्या यादीत रंगश्रम, स्तंभश्रम, जलश्रम यांच्या पंक्तीला 'ऊहापोहश्रम' आहे. बसून डावांची चर्चा करणे, हाही तिथे व्यायामच मानला आहे. आमच्या व्यवसायाला इतके आदराचे स्थान दुसऱ्या कुठल्या शास्त्राने दिले असेल असे वाटत नाही.

परंतु कोशाला एक मर्यादा आहे आणि ती आमच्या वहीलाही आहे. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. ढाक म्हणजे काय हे कोशात वाचता येते. खाशाबांची ढाक मात्र कोशात नाही, ती कुणाच्या तरी अंगात उतरली असेल तर आहे. वंशावळ मागे लांबवायला फारसे कष्ट पडत नाहीत. चार नावे ठाऊक असली की पाचवा देव घालता येतो. पुढे एक नाव घालायचे तर त्याला तालमीत उतरावे लागते. आमच्या लक्षात आले की तात्या वंशावळ सांगताना स्वतःचे नाव कधी घेत नाहीत. साखळी त्यांच्या वस्तादांशी सुरू होते आणि मागे जाते. कारण विचारले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वस्ताद कोन? ज्याचा पट्ठा मैदान मारतो त्यो. माझ्या हाताखालचं एक पोरगं ट्रकवर गेलं, एक मुंबईला. मी कसला वस्ताद?"

तात्यांचे दोन्ही मुलगे नोकरीत आहेत. जुन्या तालमीच्या खोलीत आज मंडपाचे सामान असते. यात कुणाचा दोष काढावा असे काही नाही. खुराकाचा खर्च, मोडलेल्या खांद्याची धास्ती, नोकरीची निकड, ही कारणे खरी आहेत. त्यातून जी मुले अजून उतरतात ती मॅटवर उतरतात. तिथे नियम वेगळे, वेळ वेगळी, आणि मातीत तासभर चालणाऱ्या झोंबीला जागा नाही. मोळी आणि झोळी तिथेही बसते, गुणही मिळतात, पण गुणपत्रिकेत त्यांची नावे उतरत नाहीत.

मात्र एक गोष्ट तात्यांच्या वस्तादांच्या स्वप्नातही आली नसती. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा मिळवली. हनुमंती, जांबुवंती, जरासंधी, भीमसेनी या चौकडीत एकही बाई नाही. वस्तादांच्या कुठल्याही वंशावळीत आम्हांला एकही आढळली नाही. तात्यांची नात, त्यांच्या मधल्या लेकीची मुलगी, दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा सरावाला जाते. सुट्टीत डिंगोऱ्याला आली की ओसरीपुढच्या अंगणात तात्या खुर्चीवर बसून तिला पाहतात. सुरुवातीला ते नुसतेच पाहत. एके दिवशी त्यांनी काठीने तिच्या कोपराला स्पर्श करून म्हटले, "घोटा सोड. वर घाल हात." मग खांदा. मग वळण. नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी सांगितले. ती म्हणाली, "मढकरी? म्हणजे?" तात्यांनी तिला मढच्या त्या पैलवानाने आपल्याला दोनदा कसे पाडले ते सांगितले. गेल्या साठ वर्षांत ती हकीकत त्यांनी इतक्या आनंदाने कुणाला सांगितली असेल असे वाटत नाही.

मानसोल्लासात मल्लांचे वर्ग आहेत. ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल, आणि ज्याचे अजून व्हायचे आहे तो भविष्णु. आमच्या वहीत प्रत्येक डावापुढे आम्ही आता चार रकाने आखले आहेत: नाव, कुणाच्या तोंडून ऐकले, त्याने कुणाकडून घेतले, आणि कुणाला दिले. पहिले तीन बहुतेक भरलेले आहेत. चौथा बहुतेक रिकामा. मढकरी पटापुढे त्या रकान्यात आम्ही तात्यांच्या नातीचे नाव लिहायला घेतले, तेव्हा त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावून पाहिले आणि परत दिली.

"शिसपेन्शिलीनं लिव्ह," ते म्हणाले. "शाईनं मैदान मारल्याव."

तूर्त ते नाव पेन्सिलीने लिहिलेले आहे.